मॅशअप म्हणजे नेमकं काय?

मित्रमैत्रिणींनो, आपल्या मंडळाच्या कार्यक्रमपत्रिका काढून बघा. दोन गाणी एकापाठोपाठ म्हटली, की पत्रिकेत छापून येतं 'मॅशअप'. नाटुकल्यात तुकाराम आणि शेक्सपिअर एकत्र आले, की 'मॅशअप'. पुरणपोळीवर आईस्क्रीम ठेवलं तरी स्टॉलवर पाटी 'मॅशअप'. आणि आमच्या बेळगावच्या बोलीलाही कुणीतरी कौतुकानं म्हणून जातं, "तुमची भाषा म्हणजे काय भारी मॅशअप आहे!"

एकच शब्द एवढ्या ठिकाणी लावला की तो सैल होतो. म्हणून या लेखात त्याचा नीट अभ्यास करायचा आहे. शब्द आला कुठून, त्याचा अर्थ कसा सरकत गेला, कशाला मॅशअप म्हणावं आणि कशाला म्हणू नये, हे बघू. आणि शेवटी तो कौतुकाचा प्रश्नही घेऊ. आपली बोली खरंच मॅशअप आहे का?

१. शब्दाचं मूळ

इंग्रजीत 'मॅश' हा शब्द फार जुना आहे. बिअर करताना मोड आणून वाळवलेलं धान्य भरडून गरम पाण्यात कालवतात, त्या लगद्याला मॅश म्हणत. तिथून तो स्वयंपाकघरात आला. उकडलेला बटाटा कुस्करला की तो मॅश. आपल्याकडं 'कुस्करणं' आणि 'कालवणं' अशा दोन क्रिया आहेत. इंग्रजीत त्या दोन्ही या एका शब्दात बसतात.

'अप' जोडून 'मॅश अप' झालं. मिश्रण या अर्थानं हा शब्द आला त्याचा जुना दाखला म्हणून १८५९ सालचं 'दी ऑक्टोरून' हे नाटक सांगतात. डायन बूसिकॉल्ट या आयरिश नाटककाराचं हे नाटक अमेरिकेतल्या लुइझियानातल्या एका मळ्यावर घडतं. त्यात अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी एक पात्र आहे. त्या पात्राच्या बोलण्याबद्दल दुसरं कुणीतरी म्हणतं, की त्याची भाषा म्हणजे अनेक भाषांचा मॅश-अप आहे.

इथं थोडं थांबूया. हा शब्द आज आपण गाण्यांसाठी वापरतो, पण त्या जुन्या दाखल्यात तो एका माणसाच्या बोलण्यासाठी आला आहे. तोही त्या माणसानं स्वतः वापरलेला नाही, ऐकणाऱ्यानं वापरला आहे. 'याचं बोलणं मला कळत नाही, सगळा काला आहे' असा त्याचा सूर. हे लक्षात ठेवा, लेखाच्या शेवटी आपल्याला ते लागणार आहे.

कॅरिबियन बेटांवरच्या इंग्रजीत 'मॅश अप' म्हणजे मोडणं, नासधूस करणं. गाडी मॅश अप झाली म्हणजे चक्काचूर झाला. आणि तिथंच एखाद्या गायकानं कार्यक्रम गाजवला तरी त्यानं जागा 'मॅश अप' केली म्हणतात. आपण नाही का म्हणत, "काल त्यानं स्टेज फाडलं"? मोडतोडीचा शब्द कौतुकाला वापरायची खोड बऱ्याच भाषांना आहे.

२. गाण्यातला मॅशअप

आजचा अर्थ पक्का झाला तो संगणकावर गाणी कापता-जोडता यायला लागल्यावर, साधारण २००० सालाच्या आसपास. एका गाण्यातला फक्त आवाज घ्यायचा, दुसऱ्या गाण्यातलं फक्त वाद्यसंगीत घ्यायचं आणि एकावर एक ठेवायचं.

२००१ सालचं उदाहरण घेऊ. 'फ्रीलान्स हेलरेझर' या नावानं काम करणाऱ्या एका ब्रिटिश डीजेनं क्रिस्टिना अ‍ॅग्विलेरा हिच्या 'जिनी इन अ बॉटल' या गाण्यातला आवाज घेतला आणि 'द स्ट्रोक्स' या रॉक बँडच्या 'हार्ड टू एक्स्प्लेन' या गाण्याच्या संगीतावर बसवला. एक गाणं गुळगुळीत पॉप, दुसरं खरखरीत गिटारचं. पण एकत्र ऐकताना ती दोन वाटतच नाहीत. त्याचं नाव त्यानं ठेवलं 'अ स्ट्रोक ऑफ जीनियस'. 'स्ट्रोक' बँडच्या नावातला, आणि 'जीनियस'चं स्पेलिंग असं केलं की त्यात 'जिनी' दिसावी. म्हणजे नावसुद्धा मॅशअपच.

दुसरं उदाहरण २००४ सालचं, आणि यात भांडणही झालं. जे-झी या रॅपरचा 'द ब्लॅक अल्बम' २००३ मध्ये आला होता. त्याचे नुसते आवाजाचे ट्रॅकही बाजारात उपलब्ध होते. बीटल्सचा १९६८ चा अल्बम मुखपृष्ठावरून 'व्हाइट अल्बम' म्हणून ओळखला जातो. डेंजर माऊस या निर्मात्यानं काळ्यातला आवाज घेतला, पांढऱ्यातलं संगीत घेतलं आणि झाला 'द ग्रे अल्बम'. बीटल्सच्या ध्वनिमुद्रणाचे हक्क असलेल्या ईएमआय कंपनीनं तो थांबवायच्या नोटिसा पाठवल्या. त्याचा निषेध म्हणून २४ फेब्रुवारी २००४ ला अनेक संकेतस्थळांनी तो अल्बम मुद्दाम मोफत ठेवला. त्या दिवसाला 'ग्रे ट्यूजडे' हे नाव पडलं.

हे करायला काय लागतं? सोप्या शब्दांत सांगायचं तर दोन गोष्टी जुळाव्या लागतात, लय आणि पट्टी. एक गाणं मिनिटाला ९६ ठोक्यांचं आणि दुसरं १०० ठोक्यांचं असेल, तर एकाला थोडं ओढावं किंवा दुसऱ्याला थोडं आवरावं लागतं. एक काळी दोनमध्ये आणि दुसरं काळी एकमध्ये असेल, तर सूर सरकवावा लागतो. पण हे झालं तंत्र. संगणक आता ते क्षणात करतो. खरं काम त्याच्या आधीचं आहे. कोणती दोन गाणी एकमेकांशी बोलतील, हे ओळखायला कान लागतो.

३. तीन कसोट्या

या उदाहरणांवरून मॅशअपच्या तीन कसोट्या काढता येतात. या माझ्या शब्दांत आहेत, पटल्या नाहीत तर मंडळाच्या बैठकीत वाद घालू.

पहिली : दोन्ही मूळ गोष्टी आधीपासून तयार आणि ओळखीच्या हव्यात. ऐकणाऱ्याला 'अरे, हे तर ते!' असं दोनदा वाटलं पाहिजे.

दुसरी : त्या एकमेकींत गुंतलेल्या हव्यात. एक संपल्यावर दुसरी सुरू झाली, असं नको.

तिसरी : दोन्ही एकत्र आल्यावर असं काहीतरी दिसलं पाहिजे, जे एकटीत दिसत नव्हतं.

तिसरी कसोटी सगळ्यात अवघड. पहिल्या दोन पास होणारे ढीगभर मॅशअप असतात, पण ते एकदा ऐकून हसलो की संपले. तिसरीला उतरलेले राहतात.

आता या कसोट्यांवर बाकीचे शब्द घासून बघू.

रिमिक्स म्हणजे एकाच गाण्याला नवा साज. मूळ एकच, म्हणून मॅशअप नाही. मेडली म्हणजे गाण्यांची माळ, एकामागून एक. गोव्यात मांडो म्हणता म्हणता पुढं दुलपोदं जोडत जातात, तीही माळच. ऐकायला सुंदर, पण मॅशअप नाही. आपल्या पत्रिकेत ज्याला मॅशअप छापतात ते बहुतेक वेळा मेडली असतं. कव्हर म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपण म्हणणं. फ्यूजन म्हणजे दोन संगीतपद्धती एकत्र आणून नवीन रचना करणं, त्यात ओळखीचं तयार गाणं असायलाच हवं असं नाही.

विडंबन म्हणजे ओळखीचा साचा घेऊन त्यात थट्टेचा ऐवज भरणं. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावानं लिहिलेली 'झेंडूची फुले' १९२५ मध्ये आली, ती विडंबनं. तिथं साचा ओळखीचा असतो, पण आतला ऐवज विडंबनकाराचा स्वतःचा. मॅशअप करणारा स्वतःचं जवळजवळ काहीच घालत नाही. त्याची कला निवडण्यात आणि बसवण्यात आहे.

आणि एक जवळचा नातेवाईक राहिला, जोडून केलेला शब्द. ब्रेकफास्ट आणि लंच मिळून ब्रंच, स्मोक आणि फॉग मिळून स्मॉग, मराठी आणि इंग्लिश मिळून मिंग्लिश. इंग्रजीत अशा शब्दाला पोर्टमँटो म्हणतात. पोर्टमँटो म्हणजे दोन कप्प्यांची प्रवासी पेटी. लुईस कॅरलच्या १८७१ च्या 'थ्रू द लुकिंग-ग्लास' या पुस्तकात हम्टी डम्टी अ‍ॅलिसला ही उपमा समजावून सांगतो. एका शब्दाच्या पेटीत दोन अर्थ भरलेले, म्हणजे शब्दाच्या पातळीवरचा छोटा मॅशअप.

४. पुस्तकातला आणि नकाशातला मॅशअप

२००५ मध्ये पॉल रेडमाकर या संगणकतज्ज्ञानं भाड्याच्या घरांच्या जाहिराती क्रेगलिस्ट या संकेतस्थळावरून घेतल्या आणि गूगलच्या नकाशावर टाचल्या. 'हाउसिंगमॅप्स' असं त्याचं नाव. जाहिरातीत घर कुठं आहे ते नीट दिसत नव्हतं, नकाशावर घर भाड्यानं आहे की नाही ते कळत नव्हतं. दोन्ही एकत्र आल्यावर लोकांना हवं ते एका नजरेत दिसलं. काही महिन्यांतच गूगलनं आपले नकाशे दुसऱ्यांना वापरायची अधिकृत सोय खुली केली. संगणकाच्या जगात अशा जोडकामालाही मॅशअपच म्हणू लागले. तिसरी कसोटी इथं किती सरळ उतरते बघा.

साहित्यात गाजलेलं नाव म्हणजे २००९ सालचं 'प्राइड अँड प्रेज्युडिस अँड झॉम्बीज'. जेन ऑस्टिनची १८१३ ची कादंबरी घेऊन सेथ ग्रेहॅम-स्मिथनं त्यात चालती-फिरती प्रेतं सोडली. पुस्तकातला मोठा भाग ऑस्टिनचाच आहे, आणि लेखक म्हणून दोघांचीही नावं आहेत. वरवर हा निव्वळ वाह्यातपणा वाटतो. पण मूळ कादंबरीत एलिझाबेथ आणि लेडी कॅथरिन यांची जी शाब्दिक चकमक आहे, ती इथं खरोखरची मारामारी होते. ती वाचून मूळ प्रसंगाकडं परत गेलं की कळतं, त्या सभ्य वाक्यांखाली तलवारी आधीपासूनच होत्या. झॉम्बींनी ऑस्टिनचा एक गुण उघडा केला. त्यानंतर आलेल्या अनेक नकलांना हे जमलं नाही.

पण ही कल्पना संगणकाच्या फार आधीची आहे. चौथ्या शतकात रोममध्ये प्रोबा नावाची एक ख्रिस्ती कवयित्री होऊन गेली. तिनं बायबलमधली उत्पत्तीची आणि येशूच्या जीवनाची कथा काव्यात सांगितली. पण प्रस्तावना सोडली तर बाकीचं काव्य तिनं व्हर्जिल या लॅटिन महाकवीच्या ओळी आणि अर्ध्या ओळी वेचून, त्या नव्या क्रमानं जोडून रचलं. व्हर्जिल येशूच्या जन्माआधीच वारला होता. म्हणजे ज्यानं येशूचं नाव कधी ऐकलं नाही, त्याच्या शब्दांत येशूची कथा! रोमन वाचकांना व्हर्जिल पाठ असायचा, त्यामुळं प्रत्येक ओळ कुठून उचलली ते त्यांना कळत होतं. तीनही कसोट्या पूर्ण.

या प्रकाराला लॅटिनमध्ये 'सेंटो' म्हणतात, आणि सेंटो म्हणजे तुकडे जोडून शिवलेलं वस्त्र. आपली गोधडी. बेळगाव-कोल्हापूरकडं वाकळ, कन्नडमध्ये कौदी. वाकळीत आजीच्या लुगड्याचा तुकडा लुगड्याचाच दिसतो, आजोबांच्या सदऱ्याचा सदऱ्याचाच. टाका दिसतो आणि तो दिसलेला चालतो. 'मॅश' या शब्दात कुस्करून आकार घालवणं आहे, पण चांगल्या मॅशअपमध्ये आकार शाबूत राहतात. म्हणून मला वाटतं, या कलेला 'मॅश'पेक्षा वाकळीची उपमा जास्त शोभते.

संत जेरोम यांना असले सेंटो आवडत नव्हते. व्हर्जिलला जबरदस्तीनं ख्रिस्ती करून टाकायचा हा पोरकटपणा आहे, असा त्यांचा आक्षेप. दुसऱ्याच्या कामाला त्याला न विचारता नवा अर्थ द्यावा का, हे भांडण 'ग्रे अल्बम'च्या सोळाशे वर्षं आधीपासून चालू आहे.

५. आपल्याकडची उदाहरणं

आता आपल्या भागात येऊ. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांचं 'संगीत शाकुंतल' १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आलं. त्या काळच्या नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल : अमुक' असं लिहिलेलं सापडतं. चाल आधीची ओळखीची, शब्द नवे. कर्नाटकी वळणाच्या चालीही त्यात होत्या. याला मॅशअप म्हणावं का? माझ्या मते अर्धा. चाल तयार आणि ओळखीची, पण शब्द नाटककाराचे. पहिल्या कसोटीत तो अर्ध्यावर अडतो.

फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' (१६१६) आपण अभ्यासक्रमात वाचतो. मराठी ओवी आणि बायबलची कथा, स्वर्गाला 'वैकुंठ'. वर्गात एकदा चर्चा निघाली की हाही मॅशअप आहे. मला तसं वाटत नाही. स्टीफन्स यांनी ज्ञानेश्वरीच्या ओळी कापून जोडल्या नाहीत. ते इंग्लंडहून आले, मराठी शिकले, ओवीचा छंद आत्मसात केला आणि हजारो ओव्या स्वतः रचल्या. प्रोबानं वाकळ शिवली, स्टीफन्स यांनी परक्या मागावर नवं कापड विणलं. शिवणं आणि विणणं हा फरक लक्षात ठेवला, की बरेच गोंधळ मिटतात.

मग आपल्याकडं अस्सल उदाहरण कोणतं? मी बोट दाखवीन जोडरागाकडं. बसंत-बहार, बसंती केदार ही नावंच दोन रागांची आहेत. अल्लादिया खाँ यांच्या जयपूर-अत्रौली घराण्यात असे राग विशेष गायले जातात, आणि त्याच परंपरेतले धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर ते गायचे. बसंती केदारमध्ये जाणकाराला बसंतही दिसतो, केदारही दिसतो, आणि एकातून दुसऱ्यात कधी शिरलो ते सांधणं ही गायकाची कमाल. इथं तयार गाणी नाहीत, दोन रागांची चलनं आहेत, पण ती ओळखीची आणि एकमेकांत गुंतलेली आहेत. मॅशअपला मराठी शब्द हवाच असेल तर 'जोड' वापरावा. जोडगीत, जोडकथा. जोड हा शब्द आपला, सोपा आणि कुणाचा अपमान न करणारा.

६. मिश्रणाची नावं आणि त्यांतला न्याय

शेवटचं वाक्य मुद्दाम लिहिलं. मिश्रणासाठी मराठीत शब्द खूप आहेत, पण ते तटस्थ नाहीत. 'भेसळ' म्हटलं की दुधात पाणी आठवतं. 'खिचडी' घरी आवडीची, पण राजकारणात आणि भाषेत टीकेची. 'काला' गोपाळांचा असला की प्रसाद. 'संकर' शेतात चांगला, जुन्या ग्रंथांत पाप. आणि मिश्र भाषेसाठी छापील मराठीत सर्रास येणारा 'धेडगुजरी' हा शब्द घ्या. त्याच्या पहिल्या अर्ध्या भागात एका दलित समाजाचं नाव हेटाळणीनं घातलेलं आहे. चांगले चांगले लेखक तो सहज लिहून जातात. आपल्या अंकात तो नको, एवढं मला वाटतं.

याच्या उलट केरळकडं बघा. तिथं संस्कृत आणि स्थानिक भाषा मिसळून लिहायची एक काव्यशैली होती, तिचं नाव मणिप्रवाळ. एक रत्न आणि एक पोवळं, एकाच माळेत. चौदाव्या शतकातल्या 'लीलातिलकम्' या ग्रंथात तिचे नियम दिलेले आहेत. उर्दू कवितेच्या सुरुवातीच्या रूपाला रेख्ता म्हणत, म्हणजे ओतलेलं, मिसळलेलं. कवींना त्या नावाची लाज नव्हती, अभिमान होता. आपल्याही लोकांनी हे केलंय. तंजावरचे मराठा राजे शहाजी यांनी 'पंचभाषाविलास' नावाचं नाटक लिहिलं, त्यात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा नांदतात. संत एकनाथांच्या 'हिंदू-तुर्क संवादा'त दोघं दोन भाषांत भांडतात.

म्हणजे मिसळणं तेच. राजानं केलं तर विलास, कवीनं केलं तर मणिप्रवाळ, बाजारात भाजी विकणाऱ्या बाईनं केलं तर भेसळ. शब्द मिश्रणाबद्दल कमी सांगतो, आणि बोलणाऱ्याच्या नजरेबद्दल जास्त.

७. मग आपली बोली मॅशअप आहे का?

आमच्या घरात कोंकणीत रोझरी होते, मराठीत भांडणं होतात, कन्नडमध्ये बाजार होतो आणि इंग्रजीत परीक्षा. बेळगावात हे काही नवल नाही. आमच्याकडं बायकाही 'मी जातो' म्हणतात, आणि प्रत्येक आग्रहाला शेवटी 'की' लागतो, 'ये की', 'बस की'. पुण्याकडचे पाहुणे म्हणतात, तुमच्या मराठीत कानडी शिरलंय. धारवाडकडचे म्हणतात, तुमच्या कन्नडमध्ये मराठी शिरलंय. दोन्ही बाजूंनी आम्ही 'मिसळलेले'. शाळेत निबंधातल्या अशा शब्दांखाली लाल रेघ यायची. पु. ल. देशपांड्यांनी 'गणगोत'मध्ये बेळगावचे 'रावसाहेब' लिहिले. त्यांची कानडी वळणाची मराठी वाचून सगळा महाराष्ट्र हसला आणि हळवाही झाला. ती बोली काढून घेतली तर रावसाहेब उरत नाहीत.

तेव्हा कुणी 'मॅशअप' म्हटलं की आधी बरं वाटतं. भेसळीपेक्षा चांगलंच की! पण कसोट्या लावून बघा. मॅशअप मुद्दाम केलेला असतो, आणि करणाऱ्याला टाका कुठं आहे ते माहीत असतं. आई जेव्हा हाक मारते तेव्हा ती दोन भाषा निवडून जोडत बसत नाही. ती फक्त बोलते. टाका तिला दिसत नाही, ऐकणाऱ्या पाहुण्याला दिसतो. १८५९ च्या त्या नाटकात हेच झालं होतं. मॅश-अप ऐकणाऱ्याच्या कानात होता, बोलणाऱ्याच्या तोंडात एक भाषा होती.

पटत नसेल तर हे शुद्ध वाटणारं वाक्य घ्या : 'पगार झाला की दुकानातून बटाटे आणि तूप आण, चावी अण्णांकडे आहे.' पगार, बटाटा आणि चावी पोर्तुगीजमधून आले, दुकान अरबी-फारसीतून, तूप आणि अण्णा कन्नडमधून. याला कुणी मॅशअप म्हणेल? कुणी लाल रेघ मारेल? कारण टाके आता कुणालाच दिसत नाहीत.

आपल्या लिपीतच याचं उत्तर आहे. जोडाक्षरं दोन तऱ्हेची असतात. 'प्य' लिहिलं की अर्धा प दिसतो, पूर्ण य दिसतो, दोघंही ओळखू येतात. तो मॅशअप. पण 'क्ष' लिहिलं की त्यात क् आणि ष शोधूनही सापडत नाहीत. तो आता स्वतंत्र अक्षर होऊन बसलाय, मुळाक्षरांच्या तक्त्यात त्याला स्वतःचं घर आहे. जोडगाणी, सेंटो, झॉम्बींची कादंबरी ही 'प्य'च्या जातीची. आपली बोली 'क्ष'च्या जातीची. तिला मॅशअप म्हणणं हे कौतुक असलं तरी चुकीचं कौतुक आहे, कारण त्यात ती अजून दोन तुकड्यांचीच आहे असं गृहीत धरलेलं असतं.

८. वापरताना

मराठीत हा शब्द वाक्यात कसा बसतो? कानावर 'तो मॅशअप' आणि 'ते मॅशअप' दोन्ही येतात. मी या लेखात पुल्लिंगी धरला, कारण रिमिक्स, अल्बम हे जोडीदार तसेच चालतात. क्रियापद 'करणे' : 'या दोन गाण्यांचा मॅशअप केला.' इंग्रजीसारखं 'मॅशअपलं' वगैरे करायच्या भानगडीत पडू नये. आणि अंकात छापताना मॅशअप, मेडली, रिमिक्स हे तीन शब्द अदलाबदल करून वापरू नयेत.

एक गोष्ट कायद्याची. भारतात साहित्य आणि संगीतरचनेवर रचणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, आणि ध्वनिमुद्रणावर प्रकाशनानंतर ६० वर्षं. म्हणजे किर्लोस्करांचं पद मोकळं आहे, पण त्याचं गेल्या वर्षीचं ध्वनिमुद्रण मोकळं नाही. पद स्वतः गाऊन वापरा, तयार रेकॉर्डिंग उचलू नका. आणि कायदा काहीही म्हणो, दोन्ही मूळ लेखकांची नावं द्या. मॅशअपची पहिली कसोटीच ती आहे, मूळ ओळखू आलं पाहिजे.

९. सरावासाठी

१. खालीलपैकी मॅशअप कोणता, मेडली कोणती आणि विडंबन कोणतं ते कारणासह लिहा : (अ) पाच भक्तिगीतांची सलग माळ. (आ) पाळण्याच्या चालीवर परीक्षेची कविता. (इ) एकाच रागातली दोन गाणी, एकीचं धृवपद आणि दुसरीचा अंतरा एकमेकांत गुंफून.

२. कॉपीराइट संपलेल्या दोन मराठी कवींच्या ओळी निवडा आणि स्वतःचा एकही शब्द न घालता आठ ओळींचा सेंटो रचा. खाली कोणती ओळ कुणाची ते द्या. तिसऱ्या कसोटीला तो उतरतो का, ते दुसऱ्याकडून वाचून घ्या.

३. घरातल्या मोठ्या माणसाची दहा वाक्यं तशीच्या तशी लिहून घ्या. त्यात कोणते शब्द कोणत्या भाषेतून आले ते शोधा. मग त्यांनाच विचारा, यातला परका शब्द कोणता? बहुतेक वेळा उत्तर येईल, "परका कुठला आलाय, सगळे आपलेच की." ते उत्तरही लिहून आणा. पुढच्या बैठकीत त्या वाक्यांचंच वाचन ठेवू, आणि लाल पेन कुणी आणायचं नाही.